टोकाचा डबा

— अहो बसा हो मालक, त्या सीटवर बसा, मोडकी दिसते पण मोडत नाही, अपघातातल्या गाडीची आहे ती. आमच्याकडे सगळंच अपघातातलं. तर काय म्हणत होतात — दोन टॅक्सी बिघडल्यात, चालता चालता सगळे दिवे एकदम लागतात, ब्रेकचा, बॅटरीचा, स्टिअरिंगचा, आणि गाडी भर रस्त्यात बसकण मारते. आणि जरा वेळाने बंद करून चालू केली की शहाण्या बाळासारखी चालायला लागते. बरोबर? आणि दाखवलीत कुठे — चौकातल्या त्या काचेच्या वर्कशॉपमध्ये. माझा साडू तो. सख्खा! आमच्या हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हसू नका.

त्याने काय केलं, मी सांगतो. स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, मोटारीच्या कंट्रोलरशी संपर्क तुटला — याने तो बदलला. पुढच्या खेपेला म्हणाला, ब्रेकच्या कंट्रोलरशी तुटला — याने तोही बदलला. अहो, जो तक्रारीत सापडला तोच गुन्हेगार असतो का? आमच्या शेजारी एक म्हातारे होते, रोज सुनेवर खेकसायचे, "तू पुटपुटतेस!" त्या बिचारीने ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, आणि शेवटी डॉक्टरने म्हाताऱ्यांच्या कानातून वाटाण्याएवढा मळ काढला. तशातली गत ही.

इलेक्ट्रिक गाडीत कंट्रोलरचे डबे पुष्कळ, आणि ते एकमेकांशी बोलतात दोन तारांवरून — वेणीसारख्या पिळलेल्या. ओळीच्या दोन्ही टोकांच्या डब्यांत एकेक रेझिस्टर असतो, बोललेलं तिथे जिरवायला. तो नसला की आवाज टोकाला आपटून परत येतो, रिकाम्या हॉलमध्ये घुमतो ना तसा, आणि कोण काय बोललं ते कोणालाच कळत नाही. आणि गंमत काय, एका टोकाचा नसला तरी गाडी चालते! चालते, चालते, आणि चढावर मोटारीला जोर पडला की गोंधळ. त्याला स्कॅनर कशाला हवा? बॅटरीची तार सोडवायची, त्या दोन तारांना साधा मीटर लावायचा — साठ ओहम दाखवले तर दोन्ही टोकं शाबूत, एकशेवीस दाखवले तर एक टोक गेलं. मीटर धरायला त्याला शिकवलं कोणी? मी. आता त्याला टॅबलेट लागतो, मीटर धरायची लाज वाटते.

धंदा आमचा दोघांचा होता. मोडलेल्या गाड्यांतून मी चांगले डबे काढायचे, याने ते बसवायचे. ती काचेची जागा दोघांच्या नावावर व्हायची होती — झाली त्याच्या एकट्याच्या. तेही गिळलं मी, नातं आहे म्हणून. पण उद्घाटनाला, एवढे पाहुणे जमलेले, आमची ही नटूनथटून शेजारी उभी, आणि हा माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, "हे आमचे भंगारवाले." सगळे हसले. हीसुद्धा हसली, तिला वाटलं थट्टा चाललीय. घरी येऊन रडली. तेव्हापासून दोघी बहिणी बोलत नाहीत — जाऊ द्या, मी विसरलो ते. व्यापाऱ्याने राग डोक्यात ठेवू नये, गोदामात ठेवावा. तर हे सगळं सुरू व्हायच्या आधी तुमच्या तिन्ही गाड्यांत मागच्या सीटखालचा टोकाचा डबा त्याने बदललाय ना, तिथूनच —

काय? दोनच सांगितल्या होत्या? ... असेल. मग तिसरी अजून बंद पडली नसेल, एवढंच. पडेल. — असं काय बघताय? अंदाज असतो हो आमचा, इतकी वर्षं या धंद्यात ... बरं. बरं, ऐका. डबे माझ्याकडचेच. त्याने दलालाला पुढे केलं, मला कळू नये म्हणून. चारचौघांत मला भंगारवाला म्हणणार आणि चोरून माझंच भंगार नेणार! दलाल म्हणाला, तुमच्या तीन टॅक्सींसाठी तीन हवेत; दिले मी. बाहेरून डबे अगदी सारखे, मालक — टोकाचा आणि मधला. मधल्यात रेझिस्टर नसतो. त्याला टोकाचे हवे होते, मी मधले दिले. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एकदा, फक्त एकदा मीटर लावला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं — पण लावणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्याला मी पुरता ओळखतो. एकेक गिऱ्हाईक त्याच्या तोंडावर चाव्या फेकून जावं, एवढंच मला — तुमच्याशी माझं काय वैर असणार?

तिसरी आत्ता कुठे आहे? ... घाटात? कोण चालवतंय? ... मुलगी. तुमची मुलगी. लावा, आधी फोन लावा. स्पीकरवर टाका. — ताई, मी गॅरेजवाला बोलतोय, तुमचे बाबा इथेच आहेत. सपाटी दिसली की गाडी बाजूला घ्यायची आणि — दिवे लागले? सगळे? घाबरू नका. स्टिअरिंग जड होईल, दोन्ही हातांनी ओढा, डोंगराच्या बाजूला. ब्रेक दाबा. जड लागेल पण लागतो तो, सगळा जोर काढून दाबा. अजून दाबा. ... ताई? ... ताई, बोला ना —

हं. थांबली. थांबली, मालक. आता हॅन्डब्रेक लावा ताई, आणि उतरून गाडीपासून लांब उभ्या राहा. ... पाणी घ्या, मालक.

कुठे निघालात? खरे टोकाचे डबे आहेत माझ्याकडे, तिन्ही घेतो, तुमच्याबरोबर घाटात येतो, मीच बसवतो — नको? माझा हातही लागायला नको. ठीक. त्याच्याकडे जाणार. त्याला सांगणार.

सांगा! नाही, थांबा, नीट सांगा. तो म्हणेल दलालाची चूक झाली — तसं म्हणू देऊ नका त्याला. मी इथे बसून वाट बघतोय, आज कळेल, उद्या कळेल, आणि तो गाढव स्कॅनरला शिव्या घालतोय! मी केलंय हे त्याला कळलंच नाही तर मला काय मिळालं? थोरल्या साडूने केलं म्हणा. शुद्धीत, मुद्दाम. आणि तोंड कसं होतं ते बघा त्याचं, आणि मला —

बरं, नका सांगू मला. निघा. आणि दार ओढून घ्या, धूळ येते आत.