होळीवर चढलेलं टोपलं

मागून कुणी हाक मारली तरी मी दचकते, पण एकदा भर होळीपुढे ओरडले होते, खरं सांगते. तेव्हा नागपूरच्या कॉलेजातून उंद्रीला काकूकडे आले होते. फाल्गुनात काकू परस झाडायची, पण एक पान जाळायची नाही. ओला पाला केळीच्या बुडाशी पसरायची आणि वाळका पाला जुन्या टोपल्यात कुजायला ठेवायची. त्या टोपल्यात तिची मांजर व्याली होती. होळीच्या संध्याकाळी पाहते तर टोपलं नाही, आणि मांजर कुंपणावर ओरडत फिरतेय. गावातल्या तरण्या पोरांनी ते होळीसाठी पळवलं होतं.

आम्ही दोघी धावलो. पाटील पेटती गोवरी घेऊन उभेच होते.

"थांबा, त्या टोपल्यात पिलं आहेत," मी ओरडले.

"होयीवर चढलं ते उतरत नाही, बाई," एक पोरगा हसला. "मांगच्या साली आमची बाज गेली, आम्ही मांगली काय?"

रीत पाटलांनाही मोडवेना. गोवरी खाली झुकली.

काकू मात्र शांतपणे म्हणाली, "हाव, पेटवा. पण मांजर मारली तं काशीले सोन्याची मांजर वाहा लागते. सोनं कोणाच्या घरून येईन, तेवढं आधी ठरवा."

पाटलांनी गोवरी मागे घेतली. हसणारा पोरगाच वर चढला आणि टोपलं छातीशी धरून उतरला.

काकूने पाला बाजूला करून पाहिलं. "चार हायेत, पाटील. लय सोनं वाचलं तुमचं."