बांगड्याने तारलं

हसा खुशाल, पण बारावीच्या केमिस्ट्रीत मी तरले ती बांगड्यामुळे. आमची आई मालवणची. माझी परीक्षा संपेपर्यंत घरात मासे शिजणार नाहीत, असा नवस ती बोलली होती. नाहूरला आमच्या बिल्डिंगखालीच कोळीण बसायची, तरी आई तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

प्रॅक्टिकलला टेस्ट ट्यूबमधलं लिक्विड ओळखायचं होतं. माझ्या टेस्टची पार वाट लागली, रंग काही येईना. तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक समोर येऊन उभे राहिले.

"निदान वास कसा येतोय ते सांग."

मी वास घेतला. "छान येतोय, सर."

"छान?"

"बांगड्यासारखा, सर. आईच्या नवसामुळे किती दिवसांत खाल्ला नाहीये."

त्यांना हसू आवरेना. "मग माशासारखा वास कशाला येतो?"

"अमाइनला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"लिही की मग."

घरी येऊन आईला सांगितलं. तिने लगेच हात जोडले. "देवान नवस ऐकल्यान."

"देवाने कुठे, आई? बांगड्याने वाचवलं."

"आणि तो बांगडो बंद कोणी केल्यान?"

मी गपचूप तिच्या पाया पडले.