स्क्रीनचा आग्रह

आमच्या अमळनेरच्या मावशीला, अक्काला, जळगावला बर्गर खायला नेलं तेव्हाची गंमत ऐका. तिथे ऑर्डर स्क्रीनवर द्यायची. बर्गर निवडल्यावर स्क्रीनवर आलं, 'थोडे पैसे जास्त देऊन फ्राईज आणि कोल्ड्रिंक घेणार का?' मी वाचून दाखवलं.

अक्का लाजून म्हणाली, "नको वं माय, राहू दे."

मी 'नको' दाबलं, बिल झालं. पण बर्गर खाताना तिची नजर शेजारच्यांच्या फ्राईजवर.

"अगं, मग नको का म्हणालीस?"

"पहिल्यांदाच कोनी हो म्हनस का? त्यानी परत इचाराले पाहिजे व्हतं."

मी फ्राईज आणून पुढे केले. दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा तिने घेतले. मग स्क्रीनकडे मायेने बघत म्हणाली, "नवं शे ते. शिकी जाई."