पंपाखालचं रबर

“शिलाई मशीनखाली जाड सतरंजी घाल गं, नाहीतर खालच्या मजल्यावरचे भांडायला येतील,” आई म्हणायची. हार्डवेअरच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या शिवणकामवाल्या बाईला ते आठवलं, कारण पुढचं म्हातारं जोडपं घर उबदार ठेवणाऱ्या हीट पंपाच्या घरघरीवरूनच हुज्जत घालत होतं.

“तीनदा त्याच्याखाली रबर घातलं. भिंतीवरून काढून जमिनीवर बसवला. अजून घरघरतो म्हणतेस?”

“घरघरतो.”

“मला तर ऐकू येत नाही.”

“तुम्हाला मी तरी कुठे ऐकू येते?”

“आजोबा, आणखी रबर घातलंत तर पंप उड्या मारायला लागेल,” दुकानदार म्हणाला.

“मग राहू दे. उद्या मेकॅनिकला सांगतो, उचलून ने म्हणून. थंडीत कुडकुडू, पण हिची कटकट नको.”

“अहो, नेऊ नका.”

“का?”

“पहिल्या रबरालाच तो गप्प झालाय.”

“मग तीन महिने मला कशाला राबवलंस?”

“रिटायर झाल्यापासून तुम्हीही गप्पच होतात. पाना हातात आला की शीळ घालता. बेसूर घालता, पण घालता.”