खुर्ची त्यांची, छत्री आमची

बोग्ना : आधी एवढंच सांगा, इंजिनियरसाहेब. हिनेक जिवंत आहे ना?

ओटाकर : आहे हो, बोग्नाबाई! आत सूप नको म्हणून नर्सशी भांडतोय. बसा जरा.

बोग्ना : क्राकोवहून गाडी हाणत आलेय. तुमचा माणूस फोनवर म्हणाला, चाचणीचं विमान पडलं, पायलटची हवाई छत्री कुणालाच दिसली नाही. पुढचं ऐकायचा धीरच झाला नाही.

ओटाकर : दिसणार कुठून? झाडांच्या शेंड्यांपाशी उघडली. इंजिन बंद पडलं आणि खाली गाव. घरं मागे पडेपर्यंत पठ्ठ्यानं विमान सोडलं नाही. मग खुर्चीचा खटका ओढला.

बोग्ना : खुर्ची तुम्हा चेक लोकांची. तिनं त्याला नीट बाहेर फेकलं?

ओटाकर : फेकलं. आणि तुमची पोलिश छत्री उघडली.

बोग्ना : (भिंतीला टेकून) देवा...

ओटाकर : अहो, रडताय काय!

बोग्ना : कुठे रडतेय? आणि खाली दाराशी बसलेली नर्स का हो लालबुंद झाली? 'मी पायलटला शोधतेय,' एवढंच म्हटलं मी.

ओटाकर : पोलिशमध्ये? अहो बाई, तुमचा 'शोधण्या'चा शब्द आमच्या भाषेत अश्लील आहे, चारचौघांत बोलत नाहीत! इतकी वर्षं एकत्र विमान बनवतोय, कितीदा सांगितलं!

बोग्ना : हसा, हसा. वॉर्सातल्या बैठकीत नव्हतात हसत. छत्रीच्या कमी उंचीवरच्या चाचण्या पुन्हा घेऊ म्हटलं, तर दोन्ही देशांच्या जनरलांसमोर म्हणालात, या बाईंमुळे विमान आधी म्हातारं होईल, मग उडेल.

ओटाकर : म्हणालो. पुढच्या बैठकीतही काहीतरी म्हणेनच. आमचे लोक करार मोडून छत्र्या दुसरीकडून घ्यायला निघाले होते. पण चाचण्यांच्या कागदावर शेवटी सही कुणी केली?

बोग्ना : तुम्ही. तोंड वाकडं करून.

ओटाकर : तोंडाचं सोडा. त्या चाचण्यांनंतर तुम्ही ती बदललीत म्हणून; जुनी छत्री एवढ्या खाली उघडलीच नसती, बाई. सकाळपासून तेच डोक्यात फिरतंय.

हिनेक : बाहेर कोण कुजबुजतंय? आत या की! मेलो नाहीये मी.

बोग्ना : कसा आहेस रे?

हिनेक : घोटा मोडलाय, कंबर धरलीय. पण ताई, छत्री उघडली ना, तेव्हा कुणीतरी मानगूट धरून वर उचलल्यासारखं वाटलं. आयुष्यात कुठला गचका एवढा आवडला नव्हता.

बोग्ना : पट्टे काचले का?

हिनेक : डाव्या खांद्याला. बरंच.

बोग्ना : मग ते बदलावे लागतील.

ओटाकर : झालं! घ्या, आणखी एक बैठक!

हिनेक : हसवू नका हो, बरगड्या दुखतात.

बोग्ना : घरी कळवलंस की नाही?

हिनेक : कळवलं. बायकोला म्हटलं, सुखरूप खाली उतरलोय.

बोग्ना : आणि विमान?

हिनेक : विमानाचं तिनं विचारलंच नाही.