सही तिचीच आहे

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही पोरीवर जबरदस्ती केली. मी? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं दाखल्यांच्या खिडकीवर काढली मी, जन्माचे, मृत्यूचे, रहिवासाचे, लाखभर अर्ज हाताखालून गेले असतील, आणि एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे, कागदावर सही असली की विषय संपला. शाळेच्या शेवटच्या वर्षाचा तिचा तो फॉर्म बघा तुम्ही, झेरॉक्स आहे माझ्याकडं. गणित, भौतिकशास्त्र, संगणक. आणि खाली सही. तिची. माझी नाही.

आता तिला काय हवं होतं, तर जीवशास्त्र आणि चित्रकला. म्हणजे एक बेडूक आणि एक ब्रश. मी शांतपणे विचारलं, आमच्या हिला विचारा हवं तर, की बाळा, यातून पुढं काय, बेडकांना रंग देणार? तर मान खाली घालून वहीत काहीतरी काढत बसली. डोकावून बघितलं तर माझाच कान. नुसता कान हो, आतल्या सगळ्या वळणांसकट, केससुद्धा सोडले नव्हते. घेतली वही आणि टाकली माळ्यावर. फाडली नाही हं. दुसरा बाप असता तर फाडली असती.

गणितच का, असं कुणी विचारत नाही मला. मला गणितात सत्तावीस होते. शंभरपैकी. आणि माझ्या बापानं ते सत्तावीस आल्यागेल्याला इतकी वर्षं ऐकवले की शेजाऱ्यांना स्वतःच्या मुलांचे मार्क आठवायचे नाहीत, माझे आठवायचे. तेव्हाच ठरवलं होतं, या घरात कुणीतरी गणित घेणार. आता बायकोला तर घ्यायला लावता येत नाही. मग राहिलं कोण?

चार दिवस तो फॉर्म जेवणाच्या टेबलावर पडून होता. ही म्हणायची, "अहो, तिला जमतंय ते घेऊ द्या ना." म्हटलं, जमतंय तेच घ्यायचं तर शाळा कशाला, घरी बसूनही जमेलच की. चौथ्या दिवशी पोरीनं पेन्सिलीनं 'जीवशास्त्र' लिहिलेलं. मी काय केलं? खोडरबर पुढं सरकवलं. बस. एक शब्द बोललो नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं, आई भांडी आवरायला उठली... आणि पोरीनं खोडलं, पेन घेतलं, लिहिलं, सही केली. सही तिचीच आहे.

पहिल्या चाचणीत नऊ. पन्नासपैकी. मी ते पाहुण्यांसमोर वाचून दाखवले, म्हणजे उत्तेजन म्हणून हो, माणूस जरा ओशाळला की अभ्यासाला लागतो. पोरगी काही लागली नाही. नखं कुरतडायला लागली, जेवताना बोलायची बंद झाली. मग गणिताच्या सरांनी मला बोलावलं. पेपर पुढं ठेवला आणि म्हणाले, "हा शंकू बघा. उचलून घ्यावासा वाटतो की नाही? पण हिला घनफळ काढायला सांगितलं होतं, ते राहिलंय. साहेब, मुलगी हुशार आहे, माझ्या विषयात नाही. अजून पंधरा दिवस विषय बदलता येतो." म्हटलं, सर, सही झालेली आहे. ते चष्मा काढून पुसत बसले, माझ्याकडं बघेचनात.

वार्षिक परीक्षेत एकोणीस. नापास. आता तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू... तो निकाल हातात घेतला ना, तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं. घरात माझ्याहून कमी कुणीतरी होतं. क्षणभरच हं. मग बाप म्हणून वाईट वाटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माझी धाकटी बहीण आली, नर्स आहे ती, दवाखान्यातून तशीच, कपडेही न बदलता. चपला न काढता म्हणाली, "दादा, हिचं दप्तर कुठाय?" म्हटलं, अगं, बसशील तर... तर म्हणाली, "बसायला नाही आले. ही आता माझ्याकडं राहणार. पालक म्हणून सही मी करीन." आणि नेली. पोरीनं वळूनसुद्धा बघितलं नाही. तिकडं पुन्हा तेच वर्ष, बेडूक आणि ब्रश, आणि पहिल्या पाचांत.

आज काय करते? डोळे करते. अपघातात डोळा गेलेली माणसं तिच्याकडं येतात, ती समोर बसवते आणि शाबूत डोळ्यात बघत बघत दुसरा रंगवते, बुबुळातल्या रेषा, पांढऱ्यातल्या लाल शिरा, सगळं. बायकोला नवऱ्याचा खरा कुठला ते कळत नाही.

परवा शाळेनं तिला बोलावलं, शेवटच्या वर्षाच्या मुलांना विषय कसे निवडावेत ते सांगायला. मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. एका मुलीनं विचारलं, "तुम्हाला मार्गदर्शन कुणाचं मिळालं?" पोरगी म्हणाली, "बाबांचं. ते समोरच बसलेत. त्यांनी सुचवलेले तिन्ही विषय सोडले, उरले त्यातले मी घेतले." अख्खा हॉल हसला. ते गणिताचे सर, निवृत्त झालेत, ते तर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बाहेर व्हरांड्यात गाठलं तिला. म्हटलं, चारचौघांत असं बोलायचं बापाबद्दल? म्हणाली, "खोटं होतं का?" म्हटलं, खोटं नाही, पण... म्हणाली, "मग झालं तर. मीही फक्त वाचूनच दाखवलं." माझी कॉलर नीट केली आणि गेली.

तेवढ्यात एक गृहस्थ आले, सोबत मुलगी, हातात फॉर्म. "साहेब, हिनं काय घ्यावं, तुम्हाला काय वाटतं?" मला जरा बरं वाटलं. मुलीला जवळ बोलावलं, आवडनिवड विचारली, नीट विचार केला आणि म्हटलं, संगणक. गृहस्थांनी हात जोडले, खिशातून पेन काढलं आणि फॉर्मवरचा संगणक खोडला.

त्यांच्यामागं आणखी सहा पालक उभे होते. काय करणार... शिपायाला म्हटलं, एक खुर्ची आण बाबा.