ईश्वरप्पाच्या घराची चौकशी

— व्हय, सख्खा भाऊ माझा. थोरला. बसा की पाव्हणं, उभ्या उभ्या काय इचारताय. त्या खाटंवर बसा, कडक भाकरीचा डबा तेवढा जरा सरकवा — वर बसला तर चुराच हुईल सगळा. शेंगाची चटणी म्हणाला न्हवं? देते की. पण चटणी घ्यायला सांगोल्याहून कोण येतं हो हितवर? इस्त्रीचा सदरा, कपाळाला भस्म, पिशवी कोरी करकरीत, अन् चटणीची चव बघायच्या आधी सवाल काय, तर ईश्वरप्पाचं घर कसं हाय. मी काय खुळी हाय का? चौकशीला आलाय तुमी. अण्णानं त्याच्या पोराचं, सोमशेखरचं लगीन काढलंय, मला ठाऊक हाय — मला सांगितलं न्हाय, पण ठाऊक हाय. न्हाय न्हाय, मान हलवू नका, लाजायचं काय त्यात? चौकशी करावीच माणसानं. अन् माझ्याच दारात आलात, शिवानंच धाडलं म्हणायचं तुमाला. कधीची वाट बघत हुते मी.

बोलू नका मधी, आधी ऐका. माझी एक छाती काढलीय, पाव्हणं. तोंड कशाला फिरवता? कॅन्सर हुता, काढली, झालं. मालक त्याच्या आधीच गेले, घरात मी अन् माझी शिवलीला, दोघीच. इंजेक्शनं घेऊन घेऊन डोस्क्यावर केस ऱ्हायला न्हाय, अन् आमचा अण्णा काय म्हणला? सासरकडनं आलाय हा रोग, आपल्या रक्तात असलं काय न्हाय. बायकांचा आजार, म्हणला — असं नाक मुरडून. मी गिळलं ते. पण पुढचं न्हाय गिळलं. बार्शीचे पाव्हणे शिवलीलेला बघून गेले. पसंती दिली. पोरगं मास्तर हुतं, शिवलीला पहिल्यांदा हसली हुती त्या वर्षी. अन् जाताना रीतीपरमाणं मामाच्या घरी चहाला गेले — मामाचं घर बघितल्याबिगर कोण पोरगी करतं का? करत न्हाय. तर ह्यानं त्यांना चहा पाजला, चिवडा दिला, अन् वर सांगितलं, पोरीच्या आईला तसला रोग हाय, पोरीत बी उतरंल, तुमचं तुमी बघा. सख्खा मामा! ते बार्शीला गेले ते गेलेच. शिवलीलेनं आठ दिस त्या मास्तरच्या फोनची वाट बघितली, मंग फोन फडताळात टाकून दिला. त्या दिवशी मी भाकरी थापता थापता म्हणले, अण्णा, तुजी बी पाळी येईल. तवा मी दार उघडं ठेवून बसंन.

आली की. का न्हाय यायची?

प्रोस्टेट झालंय त्याला. लघवीच्या पिशवीखाली अक्रोडाएवढं असतं बघा बाप्यामाणसाला — तितला कॅन्सर. हाडात गेलाय. आता मजा ऐका. डॉक्टरीणबाईनं इचारलं, घरात कुणाला कॅन्सर हुता का? तर हा म्हणला, न्हाय, कुणालाच न्हाय. डॉक्टरीणबाईपुढं सुदीक बहीण खाऊन टाकली! पण ती माझीच डॉक्टरीणबाई न्हवं का. तोंडावळा बघून म्हणली, मग सुंदरम्मा तुमची कोण? वैनीनं सांगितलं मला हे, रडत रडत. अण्णा खाली मान घालून बसला म्हणं. अशी बसली हुती मान, अशी! मला नुसतं बघायला मिळायला पायजे हुतं.

डॉक्टरीणबाईनं मला मागंच समजावून सांगितलेलं. अंगात आपल्या रोज बारीक बारीक तुटत असतं काय काय, मागावर धागा तुटावा तसं. आमचे मालक चादरीच्या कारखान्यात हुते, तुटला धागा की मारायची गाठ, मंग माग पुढं. तर अंगात ही गाठ मारायचं काम एक प्रोटीन करतं. डाळीतलं न्हवं हो, अंगच करतं ते तयार. अन् आमच्या घरात ते मोडकंच आलंय — वडलांकडनं. सासरकडनं न्हवं, अण्णा, आपल्याच बापाकडनं! गाठ बसत न्हाय, तुटकंच वाढत जातं, अन् रोग धरतो. बाईला छातीत, बाप्याला खाली. दुसरं एक प्रोटीन रक्तात चढतं, पीएसए म्हणतात, त्यावरनं तर कळलं त्याचं. अन् तिसरं एक असतं, ते पुरुषीपणाच्या जोरावर रोगाला खुराक घालतं. म्हणून इंजेक्शन देऊन त्याचा पुरुषीपणाच बंद केलाय आता. मिशीला पीळ भरणारा माणूस — बसल्या जागी घामानं भिजतो म्हणं, पाळी गेलेल्या बाईवानी. छाती बी सुजलीय. बायकांचा आजार म्हणत हुता की! आता बस म्हणावं पदर घेऊन.

हसू नये, खरं हाय तुमचं. पण मी हसले. दार लावून पोटभर हसले.

सोमशेखर? पोरगं वाईट न्हाय. माझ्या इंजेक्शनाला त्यानंच गाडीवरनं न्हेलं, बापाला न सांगता. पण मी काय करू? त्याच्यात बी असणारच ते मोडकं प्रोटीन. असणारच! तपासणी केली न्हाय अजून, पण कशाला पायजे तपासणी? रक्त एकच, पाव्हणं. आमच्या रक्तातलं कुणी सुटत न्हाय, ल्हिऊन घ्या माझ्याकडनं. तुमची पोरगी हिरीत ढकला, पण त्या घरात देऊ नका.

काय? पोरगी न्हाय तुमाला? पुतण्या हाय? मंग सोमशेखरची चौकशी कशाला — हे काय काढताय खिशातनं? फोटो कुणाचा?

ही तर आमची शिवलीला.

वधू-वर मेळाव्यात दिलता मी हा फोटो. मामाचं नाव मीच ल्हिलं हुतं खाली, ईश्वरप्पा... म्हणून तुमी मामाचं घर...

बसा. बसा की, उठू नका. ऐका माझं — तिची तपासणी झालीय. न्हाय तिच्यात! शिवाशप्पत न्हाय! डॉक्टरीणबाई म्हणली, निम्म्यांना येतं, निम्म्यांना येत न्हाय, अन् हिच्यात आलंच न्हाय. मगाशी मी म्हणले ते, कुणी सुटत न्हाय म्हणले ते, ते अण्णाच्या रागानं हो, तोंडाला येईल ते बोलले — पोरगी चोख हाय माझी, डॉक्टरीणबाईला फोन लावते, आत्ता लावते, तुमी सोता बोला. पाव्हणं. अहो, चटणी तरी... पिशवी ऱ्हायली तुमची!

कोण हुतं म्हणतीस? कोण न्हाय, शिवलीला. गिऱ्हाईक हुतं. तू आत जा.